फळी यंत्र, मग मोबाइल का नाही?

सोलापूरच्या दक्षिण कसब्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सहावीत. विज्ञानाच्या पुस्तकात ‘साधी यंत्रे’ म्हणून उतरण, तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू, चाक आणि आस अशी नावं दिली आहेत. मुलाचं म्हणणं असं: टेम्पोला लावलेली तिरकी फळी नुसती पडून असते. तिला वीज नाही, तिच्यात काही फिरत नाही. ती यंत्र कशी? आणि ती यंत्र असेल, तर एवढं सगळं करणारा मोबाइल त्या यादीत का नाही? शिकवणीच्या सरांनी सांगितलं, ‘जे काम सोपं करतं ते यंत्र.’ त्यावर मुलगा म्हणाला, मग मोबाइल आधी पाहिजे.

ताई, तुमच्या चिरंजिवांना सांगा की शंका चोख आहे. मी आधी यंत्रमागांच्या दुरुस्तीत होतो, नंतर डिप्लोमाच्या मुलांना मेकॅनिक्स शिकवलं. हीच शंका घेऊन इंजिनिअरिंगची पोरंही येतात, फक्त ती विचारायला लाजतात.

थोडक्यात उत्तर: फळी यंत्र आहे. मोबाइल, ज्या धड्यात हा प्रश्न आला त्या धड्याच्या अर्थाने, यंत्र नाही. त्याच्या आतली थरथर करणारी इवलीशी मोटर तेवढी यंत्र आहे. आता असं का, ते सविस्तर सांगतो.

‘काम सोपं करतं’ ही व्याख्या सहावीला चालून जाते, पण तिच्यात दोन खोडी आहेत. एक म्हणजे ती काहीही आत घेते. चष्म्याने वाचणं सोपं होतं, खुर्चीने बसणं सोपं होतं, म्हणून ती यंत्रं होत नाहीत. दुसरी खोड जास्त वाईट. मुलं ‘काम सोपं होतं’ हे ‘काम कमी होतं’ असं ऐकतात. पदार्थविज्ञानात काम म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन, आणि कोणतंही यंत्र हे काम कमी करत नाही. उलट थोडं वाढवतंच. कमी होतं ते बल, किंवा कमी होतं ते अंतर. दोन्ही एकदम कधीच कमी होत नाहीत.

मग व्याख्या काय? मी वर्गात अशी सांगतो: एका जागी बल लावलं जातं, दुसऱ्या जागी बल मिळतं, आणि या दोन जागांच्या मध्ये असं काही असतं जे बलाचं मान, दिशा किंवा सरकण्याचं अंतर बदलून देतं, पण बल आणि अंतराचा गुणाकार वाढवू शकत नाही. हे जे मध्ये आहे ते यंत्र. पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच घ्याव्यात तसं हे आहे. नोटांची संख्या बदलते, रक्कम बदलत नाही, आणि मोडून देणारा दरवेळी थोडं कमिशन कापून घेतो. त्या कमिशनचं नाव घर्षण.

यातून एक गोष्ट निघते, जी पुस्तकं सहसा बोलत नाहीत. नुसत्या वस्तूकडे बघून ती यंत्र आहे की नाही हे ठरवता येत नाही. बल कुठे आत जातं आणि कुठे बाहेर येतं हे आधी सांगावं लागतं. गोदामाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली फळी हे नुसतं लाकूड आहे. तीच टेम्पोच्या फाळक्याला लावून तिच्यावरून गठाण ढकलायला घेतली की ती यंत्र. पहार जमिनीत रोवून तिला बैल बांधला तर ती खुंटा. दगडाखाली घालून दाबली तर तरफ.

आता फळीचाच हिशोब करून बघू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या गाठी रोज अशाच चढतात. समजा गठाण ६० किलोची आहे आणि टेम्पोचा फाळका जमिनीपासून १ मीटर वर. सरळ उचलली तर साधारण ५८८ न्यूटन बल लागेल आणि ५८८ ज्यूल काम होईल. ३ मीटरची फळी लावली आणि घर्षण अजिबात नाही असं मानलं, तर बल एक तृतीयांश होतं, १९६ न्यूटन. अंतर मात्र तिप्पट. काम तेवढंच, ५८८ ज्यूल. पुस्तक इथे थांबतं.

पण खऱ्या फळीला घर्षण असतं. गोणपाट आणि लाकूड यांच्यातला घर्षणांक ०.३ धरू. आता ढकलायला ३६२ न्यूटन लागतात, आणि ३ मीटरला काम होतं १०८७ ज्यूल. म्हणजे गठाणीला उंची मिळाली ५८८ ज्यूलची आणि हमालाच्या अंगातून गेले जवळपास दुप्पट. कार्यक्षमता ५४ टक्के. तरीही हमाल फळीच लावतो, कारण त्याची अडचण ज्यूलची नसते. ६० किलो छातीपर्यंत उचलणारे हात आणि कंबर ही त्याची अडचण असते. यंत्राने त्याचं काम वाढवलं आणि तरीही त्याची सोय केली. सरांची व्याख्या याच ठिकाणी मुलांना चकवते.

मजा पुढे आहे. ३ मीटरच्या जागी ४ मीटरची फळी घ्या. बल आणखी उतरतं, ३१८ न्यूटनवर येतं. काम मात्र १२७१ ज्यूल, आणि कार्यक्षमता घसरून ४६ टक्के. पण हमाल घाम पुसायला मध्येच थांबला, तर या फळीवर गठाण जागच्या जागी थांबते. ३ मीटरच्या फळीवर ती परत खाली घसरली असती. हा योगायोग नाही. घर्षण इतकं असेल की वर ढकलताना निम्म्याहून जास्त काम त्यातच जातं, तर तेच घर्षण वजनाला खाली येऊ देत नाही. वर जाताना जे नडतं तेच थांबल्यावर धरून ठेवतं.

गाडीचा स्क्रू जॅक याच जोरावर उभा असतो. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. समजा एका फेऱ्यात तो ५ मिलिमीटर चढतो आणि दांडी ३० सेंटिमीटरची आहे. तुमचा हात एका फेऱ्यात १८८ सेंटिमीटर फिरतो, गाडी अर्धा सेंटिमीटर उचलली जाते. गुणोत्तर ३७७ च्या आसपास. घर्षणात तीन हिस्से गेले आणि चौथाच हाती आला असं धरलं, तरी बल नव्वदपटीहून जास्त मिळतं. पाचशे किलोचा भार पाचेक किलोच्या जोराने उचलला जातो. आणि हात काढला तरी जॅक उलटा फिरत नाही, कारण त्याची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या खाली आहे. शंभर टक्के कार्यक्षम जॅक कोणी आणून दिला तर त्याच्या गाडीखाली मी हात घालणार नाही. ‘जास्त कार्यक्षम ते चांगलं’ असं डोक्यात बसलेल्या मुलांना मी हे उदाहरण मुद्दाम देतो.

‘फळीत काहीच हलत नाही’ या आक्षेपाकडे वळू. १८७५ मध्ये फ्रान्झ रूलो नावाच्या जर्मन अभियंत्याने यंत्राची जी व्याख्या केली, तिच्यात ठरावीक पद्धतीने एकमेकांच्या संदर्भात हलणारे भाग ही अटच होती. त्या चष्म्यातून बघितलं तर एकटी फळी यंत्र ठरत नाही. फळी आणि तिच्यावर सरकणारी गठाण मिळून एक जोडी होते. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाजूने एक मोठा माणूस उभा आहे. इंजिनिअरला यंत्र बांधायचं असतं, म्हणून तो भाग आणि त्यांची हालचाल मोजतो. पदार्थविज्ञान बलाचा आणि कामाचा हिशोब मागतं, म्हणून त्याला फळी पुरते. दोघांचं भांडण नाही, दोघांना वेगवेगळी कामं करायची आहेत.

सहाच्या यादीबद्दलही जास्त भक्तिभाव नको. ती निसर्गाने दिलेली नाही. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक पंडिताने, सुमारे १९०० वर्षांपूर्वी, पाचच दिली होती. उतरण त्यात नव्हती. ती फार नंतर, युरोपातल्या प्रबोधनकाळात आली. यंत्र बल निर्माण करत नाही, फक्त रूपांतर करतं, हे स्पष्टपणे मांडायला १६०० च्या सुमाराला गॅलिलिओ यावा लागला. त्याआधी तरफ निसर्गाला फसवते असंच लोक समजत. बारकाईने पाहिलं तर सहाची दोनच घराणी आहेत. तरफ, कप्पी, चाक-आस हे एक. उतरण, पाचर, स्क्रू हे दुसरं. द्रवाने चालणारा दाबयंत्राचा प्रकार तर दोन्हीत बसत नाही. गाठी बांधायच्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये लहान दट्ट्या आणि मोठा दट्ट्या यांच्या क्षेत्रफळांच्या प्रमाणात बल वाढतं, आणि त्याच प्रमाणात मोठा दट्ट्या कमी सरकतो. बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो हा पास्कलचा नियम, आणि त्यावर बेतलेल्या प्रेसचं जोसेफ ब्रामा या इंग्रजाचं १७९५ चं पेटंट. व्याख्येत हे तंतोतंत बसतं, यादीत नाही. परीक्षेला सहा लिहा, पण सहाच असतात असं मानू नका.

तरफेबद्दल जास्त लिहीत नाही, टेकू-भार-बल सगळ्यांना पाठ असतं. अडकित्त्यात सुपारी टेकू आणि हात यांच्या मध्ये येते, म्हणून बल वाढतं. चिमट्यात हात मध्ये येतो, म्हणून बल कमी होतं. पण गरम भाकरीपासून बोटं लांब राहतात आणि टोक जास्त हलतं. ‘यंत्राने बल वाढलंच पाहिजे’ हा समज चिमट्यापाशीच संपायला हवा. विहिरीवरच्या एका स्थिर कप्पीने तर बल वाढतही नाही, कमीही होत नाही. वर ओढण्याच्या ऐवजी खाली ओढायला मिळतं, आणि त्यात अंगाचं वजन उपयोगी पडतं. एवढंच. तरीही ती यंत्र.

बल मुद्दाम गमावणाऱ्या तरफेचं माझं लाडकं उदाहरण चिमट्याहून मोठं आहे. शहराच्या पूर्व भागात अजून धोट्याचे जुने माग सापडतील, तिथे मुलाला घेऊन जा. धोटा म्हणजे आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन मागाच्या एका बाजूकडून दुसरीकडे फेकला जाणारा तुकडा. मागवाल्याला आधी विचारा आणि धोट्याच्या रेषेत मुलाला उभं करू नका; सुटलेला धोटा लागतो. मागाला दोन शाफ्ट असतात. वरचा क्रँकशाफ्ट फणी, म्हणजे टाकलेला धागा ठोकून बसवणारा कंगवा, पुढे-मागे करतो. खालचा शाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, कारण साध्या विणीत दोन धाग्यांनी एक चक्र पूर्ण होतं. गिअरचे दातेच एकास दोन या प्रमाणात कापलेले असतात. खालच्या शाफ्टवरचा कॅम, म्हणजे एका बाजूला फुगीर असलेली चकती, फिरता फिरता एका रोलरला ठोसा मारतो. त्याने लाकडी काठी झपकन वळते, तिच्या टोकाकडचा पिकर धोट्याला ढकलतो आणि धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो.

आता आकडे. माग मिनिटाला १५० धागे टाकतोय, म्हणजे एका धाग्याला ०.४ सेकंद. धोट्याला पलीकडे जायला त्यातला साधारण तिसरा हिस्सा मिळतो, कारण उरलेल्या वेळात फणीला ठोका द्यायचा असतो आणि ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली व्हायचे असतात. दीड मीटर अंतर, ०.१३ सेकंद वेळ: वेग सेकंदाला ११ मीटरच्या पुढे. धोटा कांडीसकट ४०० ग्रॅमचा धरला तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे २४ ज्यूल. हा वेग त्याला पिकरच्या २० सेंटिमीटर प्रवासात मिळवायचा आहे, म्हणजे सरासरी १२० न्यूटन बल. काठीच्या लांब टोकाला १२० न्यूटन हवे, आणि आखूड बाजू पाचवा हिस्सा असेल, तर तिकडे ६०० न्यूटनचा ठोसा बसायला हवा. मागाचा जो खणखणाट गल्लीभर ऐकू येतो त्यातला मोठा वाटा याच ठोशाचा आणि पलीकडच्या पेटीतल्या धडकेचा. बल पाचपट गमावलं, अंतर आणि वेग पाचपट मिळवला. कातड्याचे पट्टे तुटणं, रोलर झिजणं, पिकर फुटणं, जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त ठेवणाऱ्याच्या, अर्ध्या तक्रारी या एका तरफेच्या आखूड बाजूच्या असतात.

इथे एक प्रश्न मी मुलांना टाकतो आणि थोडा वेळ गप्प बसतो. पूर्ण माग यंत्र आहे ना? मग त्याच्या बाहेर आलेलं काम किती ज्यूल?

बहुतेक जण धोट्याचे २४ ज्यूल सांगतात. पण धोटा पेटीत थांबतो तेव्हा ते सगळे उष्णता आणि आवाज होऊन संपतात, पुढच्या फेकीला पुन्हा नवे लागतात. सेकंदाला अडीच फेकी, म्हणजे ६० वॅट त्यातच गेले. एक हॉर्सपॉवरची मोटर ७४६ वॅट देऊ शकते. बाकीचं फणीला मागे-पुढे हिसके देण्यात, बेअरिंगमध्ये, पट्ट्यात जातं. मग शेवटी चादरीत काय साठलं? चादर सुतापेक्षा उंच गेलेली नाही, वेगात नाही. धागे वाकवण्यात थोडी ऊर्जा अडकली असेल, पण ती मोजण्यात अर्थ नाही. कामाच्या हिशोबाने बघितलं तर सोलापुरी चादर विणायला गेलेली जवळजवळ सगळी वीज शेडची हवा तापवण्यात खर्च झाली. गिरणीत ‘एफिशियन्सी पंच्याऐंशी टक्के’ असं जे म्हणतात ते म्हणजे शंभरपैकी पंच्याऐंशी धागे खरंच पडले. त्याचा ज्यूलशी संबंध नाही.

तर माग यंत्र नाही का? आहे. पण त्याची कार्यक्षमता पूर्ण मागाला लावून विचारता येत नाही, आतल्या एकेका टप्प्याला विचारता येते: कॅमपासून पिकरपर्यंत, क्रँकपासून फणीपर्यंत, मोटरच्या पुलीपासून शाफ्टपर्यंत. प्रत्येक टप्प्यात बल आत, बल बाहेर. मागासारखं गुंतागुंतीचं यंत्र म्हणजे अशा साध्या यंत्रांची साखळी, आणि साखळीच्या शेवटी जे मिळतं ते सूत नेमक्या जागी नेमक्या वेळी नेलेलं असणं. ते मोजायला ज्यूल हे माप नाही. जॅकच्या बाबतीत शेवटचं उत्पादन आणि ज्यूल योगायोगाने एकच असतात, म्हणून पुस्तकं जॅक घेतात आणि माग टाळतात.

आता फळीसारखंच न हलणारं दुसरं यंत्र. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी डीपी असेल. त्यातला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्ट घेतो आणि ४३३ व्होल्ट देतो. व्होल्टेज साधारण पंचवीसपट उतरलं, विद्युतधारा तितक्याच पटीने चढली, गुणाकार जवळपास तोच. थोडं तेल तापण्यात आणि गुणगुणण्यात जातं. आत एकही भाग फिरत नाही. तरी इंजिनिअरिंगला ‘इलेक्ट्रिकल मशिन्स’ या विषयात मोटर आणि जनरेटरच्या शेजारी ट्रान्सफॉर्मर शिकवतात, आणि त्यावर कोणी हरकत घेत नाही. हलणं ही अट नाही याला मला हा पुरावा बरा वाटतो.

यानंतर उष्णतेची यंत्रं. इथे हिशोबाचं वळण बदलतं. जुन्या गिरण्यांची धुराडी वाफेच्या इंजिनासाठी होती. आता तेच काम मोठ्या प्रमाणावर दक्षिण सोलापुरात एनटीपीसीच्या औष्णिक वीज केंद्रात होतं, ६६० मेगावॉटचे दोन संच, एकूण १३२०. तरफेत जे आत जातं ते घर्षण सोडलं तर सगळं बाहेर काढता येतं, निदान तत्त्वतः. उष्णतेचं तसं नाही. सादी कार्नो या फ्रेंच तरुणाने १८२४ मध्ये दाखवलं की गरम आणि थंड टोकांच्या तापमानांवरून कमाल मर्यादा ठरते. वाफ ५६५ अंशांना आणि थंड टोक ४५ अंशांना असेल, तर घर्षण शून्य असूनही ६२ टक्क्यांच्या वर कुणी जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात अशी केंद्रं चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात. १३२० मेगावॉट वीज काढताना १९०० मेगावॉटहून जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते, ती व्यवस्थापनाच्या ढिलाईने नव्हे.

हेच यंत्र उलटं चालवलं की फ्रिज आणि एसी. दीड टनाचा एसी सुमारे दीड किलोवॉट वीज घेऊन पाच किलोवॉटहून जास्त उष्णता खोलीबाहेर नेतो. हे ऐकून काही जण लगेच म्हणतात, बघा, आत दीड आणि बाहेर पाच. पण ते पाच त्याने निर्माण केलेले नाहीत, आपल्याच खोलीतून उचलून बाहेर नेले आहेत. एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात आपण लावतो तो कूलर मात्र या जातीचा नाही; तिथे थंडावा पाण्याच्या बाष्पीभवनाने येतो, आणि यंत्र म्हणावं असं फक्त पंखा आणि पंप.

या हिशोबाचा सगळ्यात रोकडा उपयोग ‘फुकट वीज’वाल्यांना ओळखायला होतो. मोटरने चाक फिरवायचं, चाकाने डायनामो, डायनामोने पुन्हा तीच मोटर आणि वर घरातले दोन बल्ब. असं काही घेऊन वर्षातून एखादा तरी येतोच. कल्पना फार जुनी आहे. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत पारा भरलेल्या पोकळ आऱ्यांचं, आपोआप फिरत राहणारं चाक वर्णिलं आहे. पारा एका बाजूला जास्त लांब सरकून चाक ओढत राहील असा तर्क. चाक थोडं डोलतं आणि गुरुत्वमध्य खाली आला की थांबतं, कारण पूर्ण फेऱ्यात पाऱ्याने खाली येताना जे दिलं तेच वर जाताना परत घ्यावं लागतं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये असे प्रस्ताव तपासायचेच नाहीत असं ठरवून टाकलं. मी तपासतो, पण एकच प्रश्न विचारून: बॅटरी काढून ठेवली तर किती वेळ चालतं?

राहिला मोबाइल. त्यात विजेचं रूपांतर प्रकाशात, रेडिओ लहरींत आणि बऱ्याच अंशी उष्णतेत होतं. बल आत, बल बाहेर असा मार्ग त्याच्या मुख्य कामात नाही, म्हणून साध्या यंत्रांच्या धड्यात तो बसत नाही. एलईडी बल्ब, सौर पॅनल, बॅटरी यांचंही तेच. ती ऊर्जेचं रूप बदलणारी साधनं. मात्र गणना करणाऱ्याला ‘यंत्र’ म्हणण्याची एक तिसरी परंपरा आहे, १९३६ च्या अॅलन ट्युरिंग या गणितज्ञाच्या लेखापासूनची, आणि ती गणिताची आहे; तिच्यात बल नाही, ज्यूल नाही. तिलाही पदार्थविज्ञानाने एका ठिकाणी गाठलंच: १९६१ मध्ये रॉल्फ लँडॉअर या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलं की साठवलेला एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढीच माहिती, पुसायला किमान ठरावीक ऊर्जा उष्णता होऊन जावीच लागते. रक्कम अतिशय क्षुद्र आहे, आजचे फोन त्याच्या कितीतरी पट खर्च करतात. पण सहावीतल्या मुलाने ‘मोबाइल यंत्र का नाही’ विचारलं तर ‘तो वेगळ्या धड्यातलं यंत्र आहे’ हे उत्तर खोटं नाही.

परीक्षेत काय लिहायचं? ‘बलाचे मान, दिशा किंवा विस्थापन बदलून कार्य करणे सोयीचे करणारे साधन’ एवढं लिहिलं तर कुणी गुण कापणार नाही, आणि ते बरोबरही आहे. ‘कार्य कमी करणारे’ असं कुठेही लिहू देऊ नका.

आणि घरी करून बघायचं असेल तर रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा डिजिटल काटा आणा. दीड मीटरची फळी, एका टोकाखाली अर्धा मीटर उंचीचं स्टूल, आणि पाच किलो तांदळाची पिशवी. पिशवी काट्याला बांधून फळीवरून सावकाश, एकसारख्या वेगाने ओढायची. झटका दिला की आकडा उड्या मारतो. घर्षण नसतं तर काटा १.६७ किलो दाखवेल. प्रत्यक्षात अडीच ते साडेतीनच्या मध्ये काहीतरी येईल, फळी किती गुळगुळीत आहे त्यावर. १.६७ ला आलेल्या आकड्याने भागा, ही तुमच्या फळीची कार्यक्षमता. मग पिशवी फळीच्या मध्यावर सोडून द्या. कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या खाली आली असेल तर ती तिथेच राहील, पन्नासच्या बरीच वर असेल तर घसरेल. बरोबर पन्नासच्या आसपास असेल तर हाताने हलकी टिचकी मारून बघा. स्थिर वस्तूचं घर्षण सरकत्या वस्तूपेक्षा थोडं जास्त असतं, म्हणून ती आधी अडते आणि टिचकीनंतर निघते.